दुसऱ्या मजल्यावरची हरणी

बारामतीहून इंदापूर रस्त्याने निघालं की पूर्वी गाव संपताच ऊस सुरू व्हायचा. आता पिंपळीत उसाच्या बांधाला लागून तीन-तीन, चार-चार मजली इमारती उभ्या आहेत. खाली पार्किंग, वर गॅलऱ्या. एमआयडीसीत नोकरी करणारी तरुण जोडपी, मुलांच्या शाळेसाठी वाडीवस्तीवरून आलेली कुटुंबं, आमच्यासारखी निवृत्त माणसं, असे सगळे इथं राहतात. गेल्या काही वर्षांत या गॅलऱ्यांतून कुत्री दिसू लागली आहेत. लॅब्रॅडोर, बीगल, जर्मन शेफर्ड, एखाददुसरा हस्कीही. हौसेनं आणलेली ही पिल्लं सहा-आठ महिन्यांची होतात आणि त्यातली काही इमारतीतून नाहीशी होतात. चौकशी केली की कळतं, कुणाच्या तरी मळ्यावर साखळीला आहेत. कारण ठरलेलं असतं: "फार मस्ती करायचं, फ्लॅटमध्ये आवरेना."

हे 'आवरेना' मला सहन होत नाही. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. तिथंही हा शब्द रोज कानावर यायचा, आणि ज्या मुलाबद्दल तो यायचा त्याला हाताला काही काम दिलं की ते तासभर मान वर करायचं नाही.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी, दुसऱ्या मजल्यावर. आमचे हे भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यातून निवृत्त झाले. माझा भाऊ लासुर्ण्याला असतो. उन्हाळा सरताना, पेरणीच्या आधी, त्याच्या रानात मेंढ्या बसवतात. लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले मेंढपाळांचे वाडे, म्हणजे त्यांचे कळप आणि बिऱ्हाडं, तेव्हा परतीला लागलेले असतात. अशाच एका वाड्याबरोबर कारवान जातीची एक कुत्री होती. तिची ही लेक. लांब पाय, बारीक कंबर, अंगावर हरणाचा रंग, म्हणून हरणी.

तिला आणायची माझी एकच अट होती. दोन महिने पुरे होईपर्यंत ती आईजवळ आणि भावंडांतच राहील. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलचे २०१७ चे केंद्रीय नियमही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई करतात. भावंडांच्या झटापटीत एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. दात किती लावायचे हे पिल्लाला तिथं कळतं. महिन्याभराचं असताना उचललेलं पिल्लू हा धडा न घेताच माणसांत येतं आणि घरातल्यांचे हातपाय ओरबाडत सुटतं. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथं असतं.

पिल्लू माझ्या ओटीत ठेवताना वाड्यावरचे मामा म्हणाले, "आक्का, हिला दमवायच्या मागं लागू नगा. काम द्या. काम असलं की गप पडती."

फ्लॅटमध्ये पिल्लू सांभाळण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या वाक्यात आहे.

वाड्यावरच्या कुत्र्यांचा दिवस कधी पाहा. त्यांना कुणी फिरायला नेत नाही, त्यांच्यासाठी कुणी चेंडू टाकत नाही. ऊन वर आलं की ती बिऱ्हाडाच्या सावलीत पाय ताणून झोपतात. कळप हलला की उठतात, वास घेत घेत पुढंमागं चालतात, परकं कुणी आलं की उभी राहतात. रात्री मेंढ्या कोंडायच्या वाघरीच्या जाळीभोवती त्यांचे कान जागे असतात. धावणं असतंच, पण ते थोडा वेळ आणि कारणापुरतं. बाकी वेळ नाक, कान आणि डोकं चाललेलं असतं. म्हणून ही कुत्री शांत दिसतात.

फ्लॅटमध्ये बरोबर उलटं होतं. पिल्लू दिवसभर रिकामं असतं. संध्याकाळी घरचा मुलगा कामावरून येतो आणि पार्किंगमध्ये तासभर चेंडू फेकून त्याला दमवतो. पिल्लू धापा टाकत वर येतं, पाणी पितं, आणि पंधरा मिनिटांत सोफ्याची उशी फाडायला घेतं. मग शेजारी सल्ला देतात, अजून पळवा. रोज पळवलं की त्याचा दम वाढतो, त्याला रोज जास्त पळणं लागतं, आणि डोकं मात्र रिकामंच राहतं. शिवाय वाढत्या पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. मोठ्या जातींत ती पक्की व्हायला वर्ष उलटून जातं. तोवर चेंडूमागं वारंवार गर्रकन वळणं, जिने उड्या मारत उतरणं, गुळगुळीत फरशीवर घसरणं, या सगळ्याचा ताण सांध्यांवर येतो. आमच्याकडे हॉलमध्ये फरशी दिसतच नाही. जुन्या गोधड्या आणि सतरंज्या अंथरून टाकल्या आहेत. पाहुण्यांना ते कसं दिसतं याची मला फिकीर नाही.

मग फ्लॅटमध्ये काम आणायचं कुठून? जेवणातून. हरणीचं एकही जेवण मी पहिल्या दिवसापासून नुसतं ताटलीत ठेवलेलं नाही. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा, खळग्यांत खाणं टाकायचं, वर कागदाचे बोळे दाबायचे. गोणपाटाच्या घड्यांत उकडलेल्या अंड्याचे तुकडे लपवायचे. जुनं फडकं पसरायचं, त्यावर खाणं विखरायचं आणि गुंडाळी करून सैल गाठ मारायची. ती नाक खुपसते, पंजानं उलगडते, थांबून विचार करते, पुन्हा भिडते. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या कितीतरी पट असतात, आणि मेंदूचा वासासाठीचा भागही त्या मानानं मोठा. हे नाक कामाला लागलं की सगळं कुत्रंच कामाला लागतं. पाव तास गोणपाट हुंगून झालं की हरणी स्वतःहून जागेवर जाऊन झोपते. चेंडूनं हे कधी होत नाही.

जरा मोठी झाल्यावर शोधायचा खेळ सुरू केला. तिला स्वयंपाकघरात थांबवायचं, हॉलमध्ये भाकरीचा तुकडा लपवायचा, "शोध" म्हणायचं. आधी डोळ्यांसमोर, मग पायपुसण्याखाली, मग खुर्चीच्या पायामागं, मग बंद डब्यात. आमचे हे वर्तमानपत्र वाचता वाचता हा खेळ घेतात. नातू सुट्टीला आला की तो घेतो. घरात सगळ्यांचे शब्द एकच आहेत: बस, थांब, सोड, ये, शोध. एकानं 'बस' म्हणायचं, दुसऱ्यानं 'सिट' आणि तिसऱ्यानं नुसतं दटावायचं, तर पिल्लानं शिकायचं काय? शिकवणीही एका वेळी दोन-तीन मिनिटांचीच, दिवसात पाच-सहा वेळा.

भाकरी बक्षिसापुरती असते हेही सांगायला हवं. आपल्याकडे पिल्लाला दूध-भाकरीवर वाढवायची रीत आहे, पण वाढत्या कुत्र्याला तेवढ्यानं पुरत नाही. त्याला प्रथिनं लागतात, कॅल्शियम-फॉस्फरस योग्य प्रमाणात लागतं. अंडी, मांस किंवा पिल्लांसाठीचं तयार खाद्य, जे परवडेल ते पशुवैद्याला विचारून ठरवावं.

काम झालं की झोप. हा भाग लोक विसरतात. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, झोपलंच पाहिजे. फ्लॅटमध्ये त्याला झोपू कोण देतं? दाराची बेल, टीव्ही, कुकरची शिट्टी, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला उचलून घेणार. मग संध्याकाळी सात-आठच्या सुमारास ते घरभर भिंगरत सुटतं, पायांना चावतं, भुंकतं. आपण म्हणतो, अंगात रग आहे. खरं तर झोपेला आलेलं लेकरू जसं विनाकारण किरकिर करतं तशी त्याची गत झालेली असते. अशा वेळी त्याला आणखी खेळवू नये. आम्ही पलंगाखालच्या कोपऱ्यात हरणीचं अंथरूण केलं, तीन बाजूंनी आडोसा केला, आणि ती तिथं असताना कुणीही हात लावायचा नाही असं ठरवलं. पाहुण्यांच्या मुलांनाही हा नियम लागू. पिल्लाला निवांत पडायला हक्काची जागा मिळाली की फ्लॅट मोठा की लहान हा प्रश्न बराचसा मिटतो.

चावण्याचं दुसरं कारण दात. पिल्लाचे दुधाचे दात अठ्ठावीस, आणि साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून बेचाळीस पक्के येतात. त्या दिवसांत हिरड्या शिवशिवतात आणि चपला, खुर्चीचे पाय, चार्जरच्या वायरी काहीही सुटत नाही. हरणीला ओलं फडकं पिळून, फ्रीजरमध्ये घट्ट करून द्यायची. गार गाजरही. शिजवलेलं हाड मात्र कधीही नाही; त्याच्या टोकदार फाका होतात आणि आतडं फाटू शकतं. हात चावला तर ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच. हात काढून घ्यायचा, खेळ थांबवायचा, तोंडात चघळायची वस्तू द्यायची. घरातल्या प्रत्येकानं प्रत्येक वेळी हेच केलं तर पिल्लू शिकतं. आणि खेळताना दात लागून कातडी फुटली तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवायची. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून इथं भीड आणि आळस दोन्ही नको. पिल्लाला तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस द्यायची, पुढं पशुवैद्य सांगतील तशी परत द्यायची.

शी-शूचं गणित सोपं आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरल्या जागी न्यायचं. लसी पुऱ्या होईपर्यंत खाली मातीत सोडता येत नाही, कारण कुत्र्यांच्या पार्व्हो रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो. म्हणून आम्ही गॅलरीत पसरट घमेलं ठेवलं, त्यात माती आणि वर हरळीचे गड्डे. गवताची सवय तिथंच लागली. गॅलरीच्या गजांना खालून वरपर्यंत जाळी बांधली, कारण पिल्लाचं डोकं मावलं की अख्खं पिल्लू मावतं.

पण लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला चार भिंतींत कोंडायचं, हेही बरोबर नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत बार हार्बर इथं वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसरा महिना संपेपर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, त्याला ते जगाचा भाग मानतं. त्यानंतर नवं दिसलं की आधी भीती येते. फ्लॅटमधली जी कुत्री प्रत्येक आवाजावर भुंकतात, त्यातली कितीतरी या काळात जगापासून लपवलेली असतात. त्यांच्या भीतीला आपण मस्ती समजतो.

हरणीला मी कडेवर घेऊन फिरायची. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, ट्रक जाऊ द्यायचा, तोंडात खाऊ द्यायचा. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम उरकून पिंपळीवरून काटेवाडीकडे जाते. तिथं पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या दिवशी हरणीनं गॅलरीतून टाळ-मृदंग ऐकले, पताका पाहिल्या, हजारो माणसं पाहिली. गर्दीत तिला नेलं नाही. लांबून, माझ्या मांडीवरून, तिला सोसेल एवढंच. पुढं गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर लावून, मोठ्यानं गाणी वाजवत रात्रभर जाऊ लागले, तेव्हा ती मान वर करून ऐकायची आणि पुन्हा झोपायची. शेजारच्यांनी मला विचारलं, हिला आवाजाचं काहीच कसं वाटत नाही? तिनं ते सगळं वेळेत ऐकलं होतं.

बाहेर फिरवण्याबद्दल माझी मतं पक्की आहेत. सकाळी ऊन यायच्या आत आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावर. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेवून पाहायची. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवत नाही. बर्फाळ मुलखात गाडी ओढण्यासाठी घडलेला हस्की या हवेत आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फिरताना ओढत न्यायचं नाही, हुंगू द्यायचं. अर्ध्या तासात शंभर पावलं झाली तरी चालेल, कारण ते हुंगणं हाच त्याचा व्यायाम आहे. घरी आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या पाहायच्या. गोचीड तापही आणतात, आणि कुसळ एकदा बोटांत शिरलं की आत आत सरकत जातं.

आणि दोरी. फ्लॅटमध्ये राहणारे लोक सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला गाडीत घालून माळावर मोकळं सोडायला नेतात, 'बिचाऱ्याला पळू दे' म्हणून. बारामती-इंदापूरचे माळ ओसाड नाहीत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठीच आहे. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आहेत, लांडगे आहेत. कुत्रा हरणामागं लागला तर त्यानं ते धरलं नाही तरी घाबरून, धाप लागून ते मरू शकतं. कुत्र्यांचे डिस्टेंपर, रेबीजसारखे रोग लांडग्या-कोल्ह्यांत जातात. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. हरणीच्या रक्तात शिकार आहे, नजरेला हललेलं काही पडलं की ती बाण सुटावा तशी जाते. म्हणूनच तिची लांब दोरी माझ्या हातातून कधी सुटत नाही. कालव्याला पाणी सुटलेलं असेल तर आम्ही काठानंही जात नाही. पळायचंच असेल तर भावाच्या कुंपण घातलेल्या रानात.

आता शेजाऱ्यांचं. इमारतीत कुत्रं ठेवायचं नाही असा ठराव करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ साली याबद्दल सूचना काढल्या आहेत; बहुमतानंही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात आहे. पण हा कागद शेजाऱ्यांच्या तोंडावर धरून राहू नये. त्याच सूचना मालकानं घाण उचलावी, सामायिक जागेत कुत्र्याला दोरीनं धरावं असंही सांगतात. हरणी यायच्या आधी मी खालच्या मजल्यावर जाऊन आले. त्यांच्या घरी दहावीतली मुलगी होती. तिच्या अभ्यासाच्या वेळी वर धावपळ होणार नाही असा शब्द दिला, आणि ती वेळ गोणपाटाच्या कामाची ठरवली. पुढं ती मुलगीच हरणीला शोधायचे खेळ शिकवायला येऊ लागली.

पिल्लाला एकटं राहायलाही थोडं थोडं शिकवावं लागतं. आधी दाराबाहेर एक मिनिट, मग पाच, मग भाजी आणण्याएवढा वेळ. जाताना-येताना गाजावाजा नाही, आणि जाताना चघळायला काहीतरी. नवरा-बायको दोघंही नऊ ते सहा बाहेर असतील, तर दुपारी कुणीतरी यायची सोय पिल्लू आणायच्या आधी करावी. त्याला गॅलरीत बांधून जाणं ही सोय नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम फार थोड्या लोकांनी वाचलेलं असतं. आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं तर त्यात गुन्हा आहेच. पण कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हाही मालकाचा गुन्हा आहे, असं तिथं स्वतंत्रपणे लिहिलं आहे. मळ्यावर साखळीला टाकलेल्या त्या कुत्र्यांनाही हे कलम लागू आहे.

तुमच्या घरात पिल्लू आणायचं चाललं असेल तर आधी सगळ्यांनी एकत्र बसा. पहाटे कोण उठणार, दुपारी कोण घरी असणार, दिवाळीत गावाला गेलात तर ते कुणाकडे राहणार, आणि पुढची बारा-चौदा वर्षं हे कोण करणार, याची नावं ठरवा. नावं ठरली तर वन बीएचकेतसुद्धा बेलाशक आणा. ठरली नाहीत तर यंदा आणू नका.